आई-बाबा, यंदा गणपतीला मी घरी येत नाही

पुणे,
श्रावण

ती. आई व ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर काही सांगायला घेतले की आईला हुंदका येतो, बाबा फोन हातात घेऊन "नंतर बोलू" म्हणतात आणि सांगायचे ते तसेच राहून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. छकुली झोपली की कुशीवर पडून थोडे थोडे लिहिले असल्यामुळे अक्षर वाकडे दिसेल. त्यावरून माझ्या तब्येतीचा अंदाज बांधू नका. दोन गोष्टी ठरल्या आहेत आणि त्या तुम्हाला इतर कोणाकडून न कळता माझ्याकडूनच कळाव्यात, अशी माझी इच्छा आहे. सव्वा महिना झाला की मी चिपळूणला यायचे असे आपले ठरले होते, ते मी रद्द केले आहे. म्हणजे यंदा घरच्या गणपतीला मी आणि छकुली नसू. आणि बाळंतपणातल्या सुईनंतर जडलेल्या डोकेदुखीवर उपाय म्हणून येत्या गुरुवारी मी पाठीतला ब्लड पॅच (पाठीत स्वतःचेच रक्त सोडून छेद बुजवणे) पुन्हा एकदा करून घेणार आहे. तारीख घेतली आहे, ओंकारने रजा टाकली आहे, त्यामुळे आता यावर फेरविचार करा असे कृपा करून म्हणू नका.

न येण्याचे कारण प्रवास हेच आहे, दुसरे काहीही नाही. घरातल्या कोणी अडवलेले नाही, उलट सासूबाईच म्हणत होत्या की माहेरची चार दिवस हवा लागली तर बरे वाटेल. पण मी उठून बसले की थोड्याच वेळात मानेतून कळ वर चढते, कपाळापर्यंत जाते, कानांना दडे बसतात आणि समोरच्या माणसाचे बोलणे लांबून आल्यासारखे वाटू लागते. आडवी झाले की दहा-पंधरा मिनिटांत ते सारे ओसरते. अशा अवस्थेत साताऱ्या-कऱ्हाडपर्यंतचा रस्ता आणि पुढे कुंभार्ली घाटाची वळणे, तीही पावसात, मांडीवर बाळ घेऊन बसून काढणे मला जमणार नाही. मागच्या सीटवर झोपून येण्याचाही विचार आम्ही करून पाहिला, परंतु खड्ड्यांचे हिसके पाठीला बसू देऊ नका असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले आहे.

बाबा, तुम्ही विचारले होते की नेमके झाले काय. बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी पाठीच्या कण्यात जे इंजेक्शन देतात, ज्याला एपिड्युरल म्हणतात, त्यात सुई मज्जारज्जूपर्यंत न्यायचीच नसते. मज्जारज्जूभोवती एक आवरण असते, त्याच्या बाहेर एक अरुंद पोकळी असते, तेथे सुईतून बारीक नळी ठेवून औषध सोडतात. ही पोकळी डोळ्यांनी दिसत नाही. सिरिंजवरचा अंगठ्याचा दाब अचानक हलका झाला की सुई योग्य जागी पोहोचली असे भूलतज्ज्ञ ओळखतात, आणि हे सारे ती बाई कळा देत, पाठीची कमान करून बसलेली असताना करायचे असते. एपिड्युरल घेणाऱ्या शंभर जणींमध्ये साधारण एकीच्या बाबतीत सुई किंचित पुढे जाऊन आवरणाला छेद जातो. माझ्या बाबतीत तसे झाले. आतले पाणी त्या छेदातून बाहेर झिरपते. आपल्या परसातल्या टाकीला बारीक चीर गेली होती तेव्हा वरच्या नळाला दाब राहत नसे, तसेच काहीसे हे आहे: पाण्याचा दाब घटला की उभे राहताना मेंदूला मिळणारा आधार कमी पडतो, भोवतीची आवरणे ताणली जातात आणि डोके दुखते. हे पाणी एका वेळी सुमारे १५० मिलिलिटरच असते, पण शरीर रोज जवळजवळ अर्धा लिटर नवे तयार करते, म्हणून बहुतेकींचा छेद आपोआप बुजतो आणि एक-दोन आठवड्यांत त्या बऱ्या होतात. माझा पुरता बुजलेला नाही, एवढेच.

ज्या डॉक्टरबाईंनी सुई दिली त्यांनी त्याच क्षणी मला सांगितले की छेद गेलेला आहे आणि डोके दुखू शकेल. त्यांनी काही लपवले नाही, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे. राग आला तो पुढे. पहिल्या पॅचनंतर मिळालेला आराम टिकला नाही आणि मी पुन्हा विचारायला गेले, तेव्हा "बाळंतपणात अशक्तपणा येतोच, लोहाच्या गोळ्या घ्या, झोप काढा" असे ऐकून मला परत यावे लागले. उठल्यावर दुखते आणि झोपल्यावर थांबते, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ते कोणी लिहूनसुद्धा घेत नव्हते. ओल्या बाळंतिणीचे दुखणे हे दुखणे नसतेच, असे धरून चालणाऱ्या माणसांची मला फार चीड आली आहे.

आता आई, हे तुझ्यासाठी. तू परवा सासूबाईंना म्हणालीस की "मीच तिला सुई घे म्हटले, माझ्यामुळे लेकीच्या पाठीत भोक पडले." हे वाक्य मला कळले तेव्हापासून मला चैन पडलेले नाही. आई, तू चुकीचे काहीही सांगितले नाहीस. माझ्या वेळी अण्णाकाकांच्या जीपमधून जाताना आणि त्यानंतरच्या रात्री तुझे काय झाले, हे मला कुसुमआत्याकडून कळले होते, तुझ्याकडून कधीच नाही. "मी सोसले म्हणून तूही सोस" असे म्हणणाऱ्या आया पुष्कळ असतात, तू म्हणालीस, "मी सोसले म्हणूनच तू सोसू नकोस." माझ्यासाठी त्याहून मोठे बोलणे कोणी केलेले नाही. शिवाय ते औषध लागू पडले होते. कळा येत होत्या हे मला समजत होते, पण त्या मला फाडून खात नव्हत्या. छकुलीचे पहिले रडणे मी शुद्धीत, शांतपणे ऐकले, तिला छातीवर घेतले तेव्हा माझे हात थरथरत नव्हते. ते सुख तुझ्यामुळे मिळाले. पुढे जे झाले तो शंभरातल्या एकीच्या वाट्याला येणारा धोका होता, संमतीपत्रावर तो लिहिलेला होता, आणि सही मी केली होती, तू नव्हे. म्हणून हा विषय देवापुढे हात जोडतानाही मनात आणू नकोस.

कुसुमआत्या म्हणते की पाठीत सुई घेतली की कंबर कायमची जाते. तिच्याशी वाद घालू नका, पण तुम्ही स्वतः तसे मानू नका. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना करून पाहिली, तेव्हा जुनाट कंबरदुखीत त्यामुळे वाढ होते असे आढळलेले नाही. गरोदरपणाने सैलावलेले सांधे, वाकून बाळाला घेणे, झोप नसणे यांनी कंबर दोघींचीही दुखते. माझ्या उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला जो बधिर पट्टा आहे, ज्याची आईने धास्ती घेतली आहे, त्याचाही सुईशी संबंध नाही. कळा देताना पाय बराच वेळ दुमडून धरले, तेव्हा जांघेतली एक शीर दाबली गेली, असे मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले. त्या पट्ट्याला टाचणीचे टोक कळत नाही, पण पायाची ताकद पूर्ण आहे आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ते भरून येईल.

मात्र ज्यांच्या आवरणाला माझ्यासारखा छेद गेला, त्यांच्यात डोकेदुखी आणि पाठदुखी महिनोन्महिने रेंगाळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, हे आता डॉक्टर मान्य करतात. "होईल आपोआप" म्हणून थांबायचे नाही, हे मी ठरवले ते यासाठी. एमआरआय झाला आहे. मेंदूभोवती रक्त साचलेले नाही, शिरेत गाठ नाही. या दोन गोष्टींची खात्री करणे आवश्यक होते आणि ती झाली आहे. तपासणीसाठी शिरेतून औषध दिले, तरी अंगावरचे दूध एका पाजणीसाठीही तोडावे लागले नाही, हे आईला मुद्दाम सांगते.

ब्लड पॅच म्हणजे ऑपरेशन नव्हे. एक डॉक्टर दंडातून माझेच रक्त काढतात, साधारण १५ ते २० मिलिलिटर, आणि दुसरे डॉक्टर ते त्याच पोकळीत हळूहळू सोडतात. कंबरेत दाब जाणवू लागला की थांबतात. रक्त गोठून छेदावर खपली धरते. मग तास-दोन तास उताणे पडून राहायचे आणि संध्याकाळी घरी. बऱ्याच जणींना पहिल्यातच गुण येतो, काहींना दुसऱ्यांदा करावा लागतो, त्यात मी आहे. पुढे काही दिवस पाठ अवघडते. जंतुसंसर्गासारखा धोका अगदी क्वचित असतो, पण असतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड आहे म्हणून सांगते: १८९८ मध्ये ऑगस्ट बिअर नावाच्या जर्मन शल्यविशारदाने पाठीतल्या भुलीचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला आणि त्यालाही हीच डोकेदुखी जडली, उठता येईना इतकी. त्यावर रक्ताचा हा उपाय १९६० मध्ये जेम्स गॉर्मली या अमेरिकन डॉक्टरने केला. म्हणजे उपाय काल-परवाचा नाही.

माझी आबाळ होत नाही. सकाळी मऊ भात, मेतकूट आणि तूप मिळते, दुपारी भाकरी आणि लसूण घातलेली शेपूची भाजी मिळते. आई, तू दिलेली बाळंतशेप संपायच्या आत सासूबाईंनी नवी भाजून ठेवली. मला वाकावे लागू नये म्हणून ओंकारने जेवणाचे टेबल भिंतीला लावून त्यावर गादी घातली आहे, छकुलीचे लंगोट तेथेच बदलले जातात. आंघोळीला येणाऱ्या मावशी बाळाला पायावर घेतात ते अगदी तुझ्यासारखे, आधी स्वतःच्या कोपराने पाणी पाहून. मी कुशीवर पडूनच पाजते आणि छकुलीचे वजन डॉक्टरांना हवे तसे वाढत आहे. तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची गोधडी तिला इतकी आवडते की दुसऱ्या कशात गुंडाळले तर ती पाय झाडते.

परवा फार दुखत होते तेव्हा मी सासूबाईंकडे सुंठेचा लेप मागितला. त्याने हे दुखणे जाणार नाही हे मला ठाऊक होते, तरी कपाळ चुणचुणू लागले आणि मला आपल्या माजघरातला तो काळोखी कोपरा आठवला, जेथे ताप आला की आई माझे डोके मांडीवर घेऊन बसत असे आणि बाबा पोस्टातून आल्या-आल्या, चपलाही न काढता, दारातूनच "उतरला का?" असे विचारत असत. एवढी मोठी झाले, स्वतः आई झाले, तरी दुखले की अजून तुम्ही दोघेच हवे असता. हे लिहिताना डोळे भरून आले, पण ते दुखण्यामुळे नव्हे.

आता मी सांगते ते दोघांनीही ऐकायचे आहे. गुरुवारसाठी पुण्याला यायचे नाही. बाबा, अँजिओप्लास्टीनंतर तुम्हाला पावसात घाटातून गाडी चालवायला मी परवानगी दिलेली नाही आणि यंदाही देणार नाही, एसटीनेही नाही. पॅचच्या आधी मला विचारले की रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तेव्हा मला तुमचीच आठवण झाली. ती गोळी एक दिवसही चुकवायची नाही, गणपतीच्या गडबडीत तर मुळीच नाही. आई, माळ्यावरचा मखर तू काढायचा नाहीस, शेजारच्या मुलाला बोलाव. गुडघ्याचा पट्टा बांधल्याशिवाय मोदकांना बसू नकोस, आणि बसायचे ते खुर्चीवर. वाशिष्ठीचे पाणी वाढल्याची बातमी आली तर २०२१ सारखी वाट पाहत न बसता सरळ वरच्या आळीत आत्याकडे जायचे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू जरूर पाठवा, कुरिअरने. पाठीला लावायचे तेल मात्र सध्या पाठवू नका, कारण पॅचनंतर काही दिवस पाठीला मालिश, वाकणे, ओझे उचलणे, सारे बंद आहे. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून मी पाणी भरपूर पिणार आहे. "बाळंतिणीने इतके पाणी पिऊ नये" हे या वेळी बाजूला ठेवावे.

ताप आला, पायांतली शक्ती गेली, लघवीवर ताबा राहिला नाही किंवा एकाची दोन माणसे दिसू लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे, हे मला आणि ओंकारला तोंडपाठ आहे. तुम्हाला हे एवढ्यासाठीच कळवते की यांपैकी काही नसेल तर उगाच काळजी करायची नाही. छकुलीचे बारसे दिवाळीनंतर चिपळूणलाच करू, कुसुमआत्याच्याच हातून, आणि नाव तेथेच सांगेन. तोपर्यंत कोणी विचारले तरी मी सांगणार नाही.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास ओंकार फोन करील. फोन बाबांनी घ्यावा आणि आईला लगेच द्यावा. त्याला उशीर झाला तर तुम्ही फोन करू नका, डॉक्टर आत असले की तो उचलत नाही.

तुमची,
चिमी