हजेरीवही

नाशिक,
१२ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

परवा आईने फोनवर विचारलं, "आवाज का असा बसलाय रे?" मी सर्दी म्हणालो. सर्दी नव्हती. खरं काय ते फोनवर सांगवेना, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात मंडळीतल्या एका आजींना भेटायला दवाखान्यात गेलो होतो. स्तोत्र वाचलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. निघताना त्यांनी माझा हात धरला. "पाळकसाहेब, घरीसुद्धा माझं नाव घेता ना देवापुढे?" मी म्हणालो, "रोज घेतो, आजी." सहज बोलून गेलो आणि जिन्यात पाय जड झाले. बाबा, मी एक दिवसही ते नाव घेतलं नव्हतं.

रविवारची उपासना, बुधवारची घरसभा, शुक्रवारची उपास-प्रार्थना, मयत, लग्नं, हिशेब, गळकं छप्पर. दिवसभर मोठ्याने प्रार्थना करतो, पण सगळ्या दुसऱ्यांच्या घरी. पवित्र शास्त्र, आपलं बायबल, उघडायचो ते उपदेशाला मुद्दे मिळावेत म्हणून. एकटा देवापुढे बसून किती महिने झाले, ते मोजायचीही भीती वाटली.

त्या रात्री तुमची वही आठवली, बाबा. शाळेची जुनी हजेरीवही, पुठ्ठ्याला खळ लावून चिकटवलेली. एकाखाली एक मुलांची नावं आणि पुढच्या चौकोनात रोजचं बारीक टिंब. मुलं पास होऊन गावं सोडून गेली, तरी तुमची टिंबं चालूच. पहाटे पाचला स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली उभे राहून तुम्ही एकेक नाव घ्यायचात. ओठ हलायचे, आवाज यायचा तो फक्त आईच्या भाकरी थापण्याचा. भाकरी थापता थापता तीही प्रार्थनाच करत असायची, हे मला फार उशिरा कळलं.

आई, बहीण मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहिली आणि ही कामातच गुंतली, म्हणून मार्थेला कोणी नावं ठेवली की तुला राग यायचा. "पाहुणे आल्यावर कोणीतरी चूल पेटवायलाच हवी," म्हणायचीस. खरंच आहे. भाऊ लाजर गेल्यावर प्रभूला सामोरी गेली ती मार्था, "तू ख्रिस्त आहेस" म्हणाली तीही तीच. या वेळी लूकचा दहावा अध्याय उपदेशासाठी नाही, माझ्यासाठी वाचला. स्वयंपाकाबद्दल प्रभू तिला काहीच बोलत नाही. काळजी आणि दगदग, एवढंच तिच्या पदरात घालतो. ते मला लागलं.

सप्टेंबरात स्त्रियांना घेऊन केडगावला मुक्ती मिशनमध्ये गेलो होतो. दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंच्या पदराखाली जवळजवळ २,००० माणसं होती. त्यांचं जेवणखाण, शाळा, आजारपणं, पुढे शास्त्राचं भाषांतरही. इतकं असून जानेवारी १९०५ मध्ये बाईंनी प्रार्थनेला हाक दिली. ७० जणी रोज जमू लागल्या, जूनपर्यंत ५५० झाल्या, त्याही दिवसातून दोनदा. तिथे मी हे नुसतं ऐकून घेतलं. दवाखान्यातून आल्यावर झोप लागेना तेव्हा परत आठवलं. माझ्या मंडळीत तर शंभराच्या आसपास घरं आहेत.

हिशेब आणि छपराचं काम आता कमिटीतल्या दोघांना दिलंय. प्रेषितांनीही पंगतीचं काम सात जणांकडे सोपवलं, आपण प्रार्थनेत आणि वचनाच्या सेवेत राहावं म्हणून. त्यातही प्रार्थना आधी. दोघेतिघे नाराज आहेत, पाळक सकाळी फोन उचलत नाहीत म्हणून. साडेसहापर्यंत नाहीच उचलत. कोणी अत्यवस्थ असलं तर तुमच्या सुनेला फोन येतो, मग मी लगेच निघतो.

सोपं जात नाहीये. पहिला आठवडा तर बसल्या जागी डुलक्याच घेतल्या. पण वही आणलीय. पहिलं नाव त्या आजींचं. त्यांना जाऊन खरं सांगितलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आता घेता ना?"

नाताळची गडबड सुरू व्हायच्या आधी दोन दिवस राहुरीला येतोय. एकटाच. बाबा, पाचला मला उठवा. तुमच्या शेजारी उभा राहीन म्हणतो.

तुमचा,
धाकटा