मधू, मॅच दिसतच नाही रे

नाशिक रोड,
रविवार, रात्री

प्रिय मधू,

मागे त्या कसोटीनंतर फोनवर तू विचारलंस, "बघितली ना मॅच?" आणि मी विषय पावसावर नेला. गोदेला पूर आलाय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय, असं काहीबाही सांगत राहिलो. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. आपल्या दोघांत मॅचवर बोलणं टाळायची वेळ कधीच आली नव्हती. तू औरंगाबादला वकिली करायला गेलास, शहराचं नाव बदललं, आपले केस पिकले, पण प्रत्येक मॅचनंतरचा तो फोन चुकला नाही. म्हणून आज नीट लिहितोय. मॅच मी बघितली नाही. आप्पांनी टीव्ही बंद करायला सांगितला आणि मी केला.

झालं काय ते सांगतो. कसोटीचा तिसरा दिवस, चहापानानंतरचा खेळ. आप्पा चौऱ्याऐंशीचे झालेत. एका डोळ्याला काचबिंदू आहे, म्हणून खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर ठेवतो. फिरकी चालू होती, बॅटभोवती चार फील्डर, बॉल चांगला वळत होता. आप्पा असे दिवस विसरलेले नसतात. हाताची बोटं आपोआप फिरायला लागतात त्यांची. ओव्हरचा शेवटचा बॉल. बॅटला लागला की पॅडला, कळलं नाही, शॉर्ट लेगने उडी मारली, सगळे ओरडले. आप्पा पुढे झुकले आणि तेवढ्यात चित्र आकसून कोपऱ्यात गेलं. डावीकडे वेलचीची जाहिरात, खाली सिमेंटची. मग तेही गेलं आणि पूर्ण पडदाभर जाहिराती. परत आलो तेव्हा दुसऱ्या टोकाचा बॉलर रन-अपच्या अर्ध्यात होता. त्या अपिलाचं काय झालं, कुणीच सांगितलं नाही. कॉमेंट्रीवाले रात्रीच्या कुठल्याशा कार्यक्रमाची आठवण करून देत होते. आप्पांनी मला विचारलं, "आऊट होता का रे?" मला सांगता आलं नाही. पुढच्या ओव्हरनंतर तेच. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बंद कर. मॅच कुठंय यात?"

मधू, हे त्या माणसाने म्हटलंय ज्याने आपल्या दोघांना क्रिकेट बघायला शिकवलं.

तुला ८७ चं आठवतं? ५ नोव्हेंबर, वर्ल्ड कपची वानखेडेवरची इंग्लंडविरुद्धची सेमीफायनल. आप्पांच्या सिक्युरिटी प्रेसच्या कॉलनीत आमच्या शेजारच्या काकूंकडे सगळी मंडळी जमली होती. आप्पांनी कुणाशी तरी पाळी बदलून घेतली होती. गूच स्वीपवर स्वीप मारत होता, मनिंदरला आणि शास्त्रीला, आणि आप्पा आपल्याला सांगत होते की बॅट नको बघू, त्याचा पुढचा पाय बघ, बॉल पडायच्या आत तो बसतोय. त्याने ११५ केले. आपण ३५ रनांनी हरलो. कपिल मिडविकेटला गॅटिंगच्या हातात झेल देऊन परत निघाला तेव्हा त्या खोलीत कुणी बोललं नव्हतं. टीव्हीतूनही कुणी ओरडत नव्हतं. आपण त्याला चालत जाताना बघत राहिलो होतो. हरण्याचं ते दुःख आपल्याला पुरतं मिळालं. आज विकेट पडली की बॅट्समन क्रीज सोडायच्या आत जाहिरात येते. माणूस आऊट झाल्यावर चेहऱ्यावर काय येतं, तो खेळपट्टीकडे वळून बघतो का, नॉनस्ट्रायकर त्याला काय सांगतो, हे आजच्या पोराने कधी पाहिलेलंच नसेल.

दूरदर्शनचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. लिंक तुटायची, बातम्यांसाठी खेळ मधेच सोडायचे, कॅमेरे मोजके. फार पूर्वी तर जगभर एकाच टोकाला मुख्य कॅमेरा असायचा, म्हणजे एक ओव्हर सोडून पुढच्या ओव्हरला बॅट्समनची नुसती पाठ दिसायची. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात टीव्ही वाहिनीचा मालक केरी पॅकरने दोन्ही टोकांना कॅमेरे लावले आणि क्रिकेट घरात नीट दिसायला लागलं. तो धंदेवाईक माणूस होता, टीव्हीचे हक्क मिळाले नाहीत म्हणून वेगळी क्रिकेट मालिका उभी केली त्याने. पण खेळ जास्त चांगला दाखवला तर लोक जास्त बघतील, एवढं त्याला पक्कं कळत होतं. त्याच्याच वाहिनीवर ऑस्ट्रेलियाचा माजी कप्तान रिची बेनॉ वर्षानुवर्षं कॉमेंट्रीला बसला. चित्रात भर घालता येत असेल तरच तोंड उघडायचं, हा त्याचा नियम. आपल्याकडे आता चित्रात काय आहे तेच ओरडून सांगतात.

आणि गंमत नाही, यातना ही आहे की मूळ चित्र आज उत्तम असतं. देशातल्या मॅचचं चित्रण क्रिकेट मंडळच करून घेतं, वाहिनीकडे ते तयार येतं. बॉलची शिवण फिरताना दिसते, बॅटची कड लागल्याचा आवाज येतो. अशी दृष्टी आप्पांना वयाच्या चाळिशीत मिळायला हवी होती. ती मिळते तेव्हा तिच्यावर पट्ट्या चिकटवतात. स्कोअरच्या खाली एक पट्टी, वर कोपऱ्यात उलटी मोजणी, बाऊंड्री गेली की अर्धा पडदा कुठल्यातरी कंपनीच्या नावाचा. आप्पांना स्कोअर वाचायला दहा सेकंद लागतात. तेवढी सेकंदं तो आकडा पडद्यावर टिकत नाही.

कॉमेंट्रीचं मला जास्त लागतं, कारण मराठीत हे काम किती चांगलं झालंय ते आपल्याला माहीत आहे. आप्पा अजून बाळ ज. पंडितांचं नाव काढतात. रेडिओवर काहीच दिसत नाही, तरी फील्ड कुठं लागलीय ते त्यांच्या बोलण्यातून कळायचं, असं म्हणतात. आणि वि. वि. करमरकर, मूळचे आपल्या नाशिकचे. मराठी पेपरात खेळाला हक्काचं पान मिळवून देणारा माणूस. खेळाडूंइतकंच ते संघटकांनाही धारेवर धरायचे. आज मराठी कॉमेंट्रीचा पर्याय निघाला तेव्हा मी आनंदाने लावला. चांगले खेळलेले लोक बसतात तिथे, त्यांना खूप माहीत असणार. पण दोन बॉलच्या मधे त्यांना विचार करायला वेळच देत नाहीत. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, बक्षिसाची योजना, एकमेकांच्या टोपणनावांवर हसणं. स्लिप काढून पॉईंटला का नेली हे मला मराठीतून ऐकायचं होतं.

टीका करायचीच नाही हेही त्यात मुरलंय. २०१६ मध्ये हर्षा भोगले आयपीएलच्या कॉमेंट्रीतून अचानक बाहेर गेला, २०२० मध्ये संजय मांजरेकरला मंडळाच्या पॅनेलमधून वगळलं. हे बघितल्यावर मागे उरलेल्यांनी काय बोलायचं? कॅच सुटला तरी "काय प्रयत्न!" कप्तानाने दिवसभर चुकीचं फील्ड लावलं तरी "त्याच्या मनात काहीतरी योजना असणार." आप्पा खुर्चीतून ज्या चुका ओळखतात, त्या मैदानात बसलेल्या माजी कसोटीवीराला दिसत नसतील यावर माझा विश्वास नाही.

तू म्हणशील, दुसरं काही लाव. लावू काय? घरच्या मॅच, आयपीएल, वर्ल्ड कप, फिरून फिरून सगळं एकाच छत्राखाली येतं, टीव्हीवरही आणि मोबाईलवरही. आप्पा म्हणतात दूरदर्शन लाव. त्यांना समजावताना माझी दमछाक झाली. २००७ चा कायदा आहे, महत्त्वाच्या मॅचचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबलवर आणि डीटीएचवर नाही. म्हणून निफाडला तुझ्या भावाच्या मळ्यात फ्री डिशवर मॅच दिसते आणि नाशिक रोडला दर महिन्याला पैसे भरणाऱ्या आप्पांच्या घरी दूरदर्शनवर दिसत नाही.

पैशाचंही मी कागदावर मांडून बघितलं. २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्यात नुसत्या टीव्हीचे २३,५७५ कोटी, ४१० मॅचसाठी. म्हणजे एका मॅचला साडेसत्तावन्न कोटी. दोन्ही डावांचे मिळून २४० बॉल धरले तर बॉलमागे जवळपास २४ लाख, आणि हे फक्त टीव्हीचे. एवढी बोली लावणारा माणूस दोन बॉलमधली जागा विकणार, हे मला कळतं. मंडळाने तेवढी बोली घेतली, तेही त्यात आलेच. पण कसोटीत ओव्हर संपल्यावर जो अर्धा मिनिट मिळतो त्यात जाहिरात बसत असताना, बॉल जिवंत असतानाचे दोन क्षण कशाला हवेत?

आणि मधली काही वर्षं त्या जाहिराती कशाच्या असायच्या! संघ जुळवून पैसे लावा म्हणणाऱ्या ॲपच्या. माझ्या भाच्याने इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात त्यात फीचे पैसे घालवले. टॉसच्या आधी तेच तज्ज्ञ "आज कुणाला घ्याल?" असं विचारायचे आणि पोराला वाटायचं, हे लोक सांगताहेत म्हणजे बरोबरच असणार. ताई माझ्यासमोर रडली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैसे लावायचे ते खेळ बंद केले, तेव्हा पडद्यावरून ते एका रात्रीत गेले. इतकी वर्षं हे घरात येऊ दिलं त्याबद्दल त्या वाहिनीवर कुणी एक शब्द बोललेला मी ऐकला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मी आप्पांना गोल्फ क्लबवर नेलं होतं, ते तुला सांगायचं राहिलं. रणजी, महाराष्ट्र विरुद्ध बडोदा, अनंत कान्हेरे मैदान. कडक थंडी, कानटोपी, थर्मासमध्ये चहा. जॉगिंग ट्रॅकवरची माणसं थांबून थांबून बघत होती. आप्पांना बॉल दिसत नव्हता, हे मला माहीत होतं. पण बॅटवर बसल्याचा आवाज झाला की ते म्हणायचे, "मधोमध." पॅडला लागला की, "फसला." विकेटकीपर काय ओरडतोय ते ऐकायचे. एक बॅट्समन आऊट होऊन आमच्या बाजूने परत गेला तेव्हा आप्पा तो आत जाईपर्यंत त्या दिशेला तोंड करून बसले. तीन तास त्यांनी मला एकदाही स्कोअर विचारला नाही. टीव्हीसमोर दर ओव्हरला विचारतात.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे की हे सोडून द्यायचं नाही. शोधताना मला केबल टीव्हीचे १९९४ चे नियम सापडले. त्यातला सातवा नियम जाहिरातींचा. तासाला बारा मिनिटांची मर्यादा तुला ठाऊक असेल. पण त्याच्या आधीचं कलम वाच, दहावं. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकत्या पट्ट्या चालवून तिने कार्यक्रमात व्यत्यय आणता कामा नये. अगदी असंच लिहिलंय रे. मी ते आप्पांना दोनदा वाचून दाखवलं.

२०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे वाहिनीने तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निकाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. मी तक्रार पाठवली. पोच आली. पंधरा दिवस झाले, महिना झाला, पुढे काही नाही. आता वरच्या पायरीवर, वाहिन्यांच्याच स्वनियमन संस्थेकडे जायचंय. मसुदा केलाय, पण माझी भाषा रागाची होते, आणि कुठल्या कलमावर बोट ठेवायचं ते तुलाच कळेल. सोबत जोडलाय. लाल पेनाने हवं तेवढं खोड. तिसऱ्या दिवशी चहापानानंतर कुठल्या ओव्हरला चित्र किती सेकंद आकसलं, ते मी नंतर मोबाईलवर ती मॅच परत लावून, घड्याळ घेऊन लिहून काढलंय. तो तक्ता तेवढा काढू नकोस.

सही आप्पांची आहे. हात थरथरतो, पण मीच करणार म्हणाले. त्यांच्या नावाखाली "निवृत्त, सिक्युरिटी प्रेस" असं लिहू का, असंही त्यांनी विचारलं. मी लिहिलंय. ठेवायचं की नाही ते तू ठरव.

वहिनींना नमस्कार. दिवाळीत ये, येताना ती जुनी वही आण, ज्यात आपण ८७ च्या मॅचचे स्कोअर उतरवले होते. आप्पांना वाचून दाखवायचीय.

तुझा,
दिलीप