फेंगशुईचं पान छापा, पण पुण्याचं ऊन-वारं बघून

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत घराच्या पानावर फेंगशुईच्या टिप्स येतात त्याबद्दल लिहितोय. मी फर्निचरची कामं घेतो, किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, बेड, लॉफ्टची शटरं सगळं, कर्वेनगर-वारज्यापासून पार धायरीपर्यंत, आणि शनिवारी ते पान आलं की सोमवारच्या आत कुणाचा ना कुणाचा फोन येणार हे धरूनच चालतो. बेड फिरवून पाहिजे, सोफा त्या भिंतीला घ्यायचाय, ड्रेसिंग टेबलचा आरसा काढून टाका. आता यात माझं नुकसान काहीच नाही, मजुरी मिळतेच, त्यामुळे कुणी म्हणेल हा कशाला ओरडतोय. पण गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात जाताना बघवत नाही, आणि त्याहून राग याचा येतो की त्या टिप्समधला जो भाग खरंच कामाचा आहे तो तुम्ही एका ओळीत उरकता आणि जो पुण्याला लागूच होत नाही त्याला अर्धं पान देता.

आधीच सांगतो, मी "सगळं थोतांड आहे" म्हणणाऱ्यातला नाही. फेंगशुईत वस्तू कुठे ठेवाव्या याबद्दल जे सांगतात त्यातलं बरंचसं कुठलाही जुना सुतार तुम्हाला सांगेल. मुख्य दार पूर्ण उघडलं पाहिजे, दारामागे अडगळ नको, कारण ऊर्जा, त्यांच्या भाषेत ची, दारातून आत येते म्हणतात. मला ती ची काय दिसत नाही, पण दारामागे छत्र्यांची बादली, पोराची सायकल, रद्दी आणि पाण्याचे रिकामे जार कोंबलेली घरं रोज दिसतात, दार निम्मंच उघडतं, मग घरात कुणी आजारी पडलं आणि व्हीलचेअर आत घ्यायची वेळ आली की पळापळ. चपलांचंही तसंच. एवढासा पॅसेज आणि त्यात सव्वा फूट खोलीचा शू रॅक हवा असतो लोकांना, त्यापेक्षा खाली झुकणाऱ्या फ्लॅपचा उभा रॅक घ्या, जेमतेम आठ इंचात बसतो, चपला तिरक्या उभ्या राहतात, वर किल्ल्या आणि दुधाच्या पिशव्या ठेवायला जागा. झाली की ची मोकळी.

बेडचं पण तसंच आहे. झोपल्या जागेवरून दार दिसावं पण पाय सरळ दाराच्या रेषेत नकोत, डोक्यामागे भक्कम भिंत असावी, डोक्यावर बीम नसावा. चिनी लोक पाय दाराकडे करून झोपणं अशुभ मानतात कारण मयत तसं बाहेर नेतात, आपल्याकडेही दक्षिणेला पाय नको म्हणतात ते यमाच्या दिशेमुळे, म्हणजे भीती दोन्हीकडे सारखीच, फक्त तिकडे दाराची आणि इकडे दिशेची. मला विचाराल तर दारासमोर झोपलं की पॅसेजचा दिवा लागल्या लागल्या डोळ्यावर येतो आणि खिडकीखाली उशी ठेवली की जुलैत उशी ओली, एवढं कारण मला पुरतं. आणि बीमचं सोडा, लोक डोक्यावर लॉफ्ट काढून घेतात आणि त्यात आजीची पितळी पातेली भरतात, त्याबद्दल तुमच्या पानावर एक अक्षर नाही.

बेडखाली काही ठेवू नका हे मात्र पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कुणी लिहू नये. साडेपाचशे फुटाच्या वन बीएचकेत जादा गाद्या, पाहुण्यांच्या चादरी, फराळाचे मोठे डबे, गणपतीचं मखर, हे सगळं ठेवायचं कुठं, लेखकाच्या घरी? हायड्रॉलिक बेड करा, फक्त वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढून आत वारं लागू द्या आणि खोक्याला मागच्या बाजूनी भोकं पाडून घ्या, नाहीतर कुबट वास सुटतो.

गॅसबद्दल फेंगशुईत म्हणतात की शेगडी आणि सिंक एकमेकाला चिकटून नको, आग आणि पाणी भांडतात. बरोबर आहे, भांडतातच, तेलाच्या कढईत सिंकचा एक शिंतोडा उडाला की काय होतं ते तळण करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. मी ओट्यावर दोघांमध्ये निदान दोन फूट सोडतो. दुसरं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याची पाठ दाराकडे नको. तेही पटतं, पोर मागून पळत येऊन पायाला मिठी मारतं तेव्हा हातात गरम पातेलं असतं. आता यात कुणी हे लिहीत नाही की सिलेंडर उभाच पाहिजे, शेगडी सिलेंडरपेक्षा उंचावर पाहिजे, आणि ती केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते, बघा आज ट्रॉली उघडून. ओटा पूर्वेला का पश्चिमेला यावर तासभर चर्चा करणाऱ्या घरांत मी तारीख उलटलेल्या नळ्या बघितल्यात.

आता दिशांकडे येतो, कारण खरा घोळ तिथं आहे.

फेंगशुई सुरुवातीला सोफा-बेडसाठी नव्हतीच. चौथ्या शतकातल्या गुओ पू या चिनी विद्वानाच्या नावावर जो जुना ग्रंथ सांगतात तो थडगं कुठल्या जागी बांधावं याबद्दल आहे, डोंगर कुठे, पाणी कुठे, वारा कुठून. घराचंही त्याच हिशोबाने आलं, पाठीशी उत्तरेला डोंगर आणि तोंड दक्षिणेला. का, तर त्यांच्याकडे हिवाळ्यात सायबेरिया-मंगोलियाकडून उत्तरेचं बोचरं कोरडं वारं येतं आणि ऊन येतं दक्षिणेकडून. माझे एक गिऱ्हाईक कंपनीच्या कामाने शांघायला राहून आले, ते सांगत होते तिकडे दक्षिणेला बाल्कनी असलेला फ्लॅट महाग जातो. आणि आपल्याकडे? दक्षिणमुखी म्हटलं की एजंट आवाज खाली आणतो. मारुती दक्षिणमुखी असला की आपण रांग लावतो आणि फ्लॅट दक्षिणमुखी असला की भाव पाडतो. वर गंमत अशी की आपण दक्षिणमुखी म्हणतो ते मुख्य दारावरून, जे लिफ्टसमोरच्या अंधाऱ्या लॉबीत उघडतं, तिथे ना ऊन ना वारा, आणि ते लोक बघतात हॉल आणि बाल्कनी कुणीकडे उघडते ते. म्हणजे तुम्ही "फेंगशुईत दक्षिण शुभ" असं छापलंत आणि वाचणाऱ्याने ते दाराला लावलं तर सगळाच उलटा कारभार.

ते लोक हे किती गंभीरपणे घेतात बघा, हाँगकाँगला २००५ साली डिस्नीलँड सुरू झालं तेव्हा फेंगशुईच्या सल्ल्याने मुख्य गेट १२ अंश फिरवलं होतं. पण तो त्यांचा डोंगर, त्यांचा समुद्र. आपलं तसं नाही. पुण्यात पाऊस आणि वारं येतं पश्चिमेकडून, नैऋत्येकडून, उन्हाळ्यात दुपारनंतर भाजते ती पण पश्चिमेची भिंत, आणि मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे डोक्याच्याही जरा उत्तरेला सरकलेला असतो, बीजिंगला असं कधीच होत नाही.

तुमच्या पानावर एका बाजूला वास्तू आणि शेजारच्या चौकटीत फेंगशुई असते, दोघांची कधी गाठ घालून बघितलीये का कुणी? फेंगशुईत आग्नेय कोपरा पैशाचा, तिथे पाणी ठेवा, फिशटँक ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा मासा. वास्तूत आग्नेय म्हणजे अग्नी, तिथे शेगडी, पाणी अजिबात नको, आणि पैसा म्हणजे कुबेर, तो उत्तरेला. एकाच शनिवारी दोन्ही वाचून वाचक काय करणार, माशांना शिजवणार? शिवाय फेंगशुईतही दोन घराणी आहेत. एक होकायंत्रावर चालतं. दुसरं लिन युन नावाच्या गुरूंनी अमेरिकेत रुजवलं, त्यात दिशा बघतच नाहीत, दारातून आत शिरल्यावर समोरचा सगळ्यात लांबचा डावा कोपरा म्हणजे धनाचा कोपरा. तुम्ही एका आठवड्यात हे देता, पुढच्या आठवड्यात ते देता, आणि एकाच हॉलमध्ये धनाचे दोन कोपरे निघतात. सगळ्यावर कळस म्हणजे तो नऊ घरांचा चौकोनी तक्ता, घराचा कुठला भाग कशाचा ते दाखवणारा. जुन्या चिनी तक्त्यात दक्षिण वर काढतात. आपला माणूस शाळेपासून वर उत्तर बघत आलेला, तो तक्ता कापून फ्रीजवर लावतो आणि घर नेमकं उलटं मांडतो. कोथरूडच्या एका काकूंनी आठ फुटी वॉर्डरोब एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेला तो यापायी. तसला वॉर्डरोब उचलून नेता येत नाही, पाठ उखडावी लागते, स्क्रूची भोकं फाकतात, लॅमिनेटच्या कडा उडतात, परत जोडला की शटर एका रेषेत येत नाहीत.

आणि दिशा मोजतात कशावर, तर मोबाईलवर. एका साइटवर सल्लागार आले होते, मोबाईल लोखंडी कपाटावर ठेवून म्हणाले ही उत्तर. मी म्हटलं सर जरा हातात धरून खोलीच्या मध्यभागी या. बाण हलला की निम्म्या भिंतीइतका. मग स्पीकरजवळ नेला तर अजून तिसरीकडेच. स्पीकरमध्ये चुंबक, कपाट लोखंडाचं, कॉलममध्ये सळया, त्यात ते बिचारं होकायंत्र काय करेल. सकाळी ऊन कुठल्या खिडकीतून आत येतं ते बघा की सरळ.

नैऋत्येला जड सामान ठेवा हे वास्तूचं, पण फेंगशुईच्या चौकटीतही घुसलेलं असतं कधीकधी. पुण्यात नैऋत्येची बाहेरची भिंत म्हणजे चार महिने पावसाचा मारा खाणारी भिंत. त्याला चिकटवून प्लायचा वॉर्डरोब केला की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मागून बुरशी धरते, पैठणीच्या घडीवर काळे ठिपके आणि प्लाय फुगून दार अडकायला लागतं. ठेवायचाच असेल तर भिंतीपासून दोन इंच सोडा आणि आधी बाहेरून भिंतीच्या भेगा भरून घ्या.

वस्तूंचं एवढंच बोलतो. तो पोट सुटलेला हसरा बुद्ध गौतम बुद्ध नाही, बुदाई नावाचा चिनी भिक्षू आहे, त्याला तुळशीबागेतून आणा आणि खुशाल ठेवा, कुणाचं काही बिघडत नाही. तीन पायांचा बेडूक, विंड चाइम, सगळं ठेवा, फक्त विंड चाइम शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीशी नको. पण लकी बांबू आणि बाटलीतला मनी प्लांट याबद्दल जरा जबाबदारीने लिहा. लकी बांबू हा बांबूच नाही, आफ्रिकेतलं ड्रॅसिनाचं झाड आहे ते, ते राहू दे, मुद्दा पाण्याचा आहे. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. मी धनाच्या कोपऱ्यातला टीव्ही युनिट सरकवताना मागच्या बाटलीत वळवळणाऱ्या अळ्या बघितल्यात, मालकाला पत्ताच नव्हता कारण पाणी हलवू नका, पैसा हलतो, असं कुणीतरी सांगितलेलं. दर आठवड्याला पाणी ओतून द्या, बाटली आतून घासा कारण अंडी काचेला चिकटून राहतात.

तर म्हणणं एवढंच की पान बंद करू नका, लोक आवडीने वाचतात, माझी बायको पण वाचते. पण टीप देताना ती होकायंत्रवाल्यांची का दारावरून मोजणाऱ्यांची ते लिहा, तक्त्यावर दक्षिण कुठे आहे ते लिहा, आणि कधीतरी पुण्यातल्या खऱ्या वन बीएचकेचा नकाशा घेऊन ऊन, पाऊस, वारं आणि माणसांची ये-जा बघून फर्निचर मांडून दाखवा. नकाशे मी देतो, ढीगभर आहेत. पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे, कापायचं झालं तर चीनचं कापा, नळीचं आणि डासाचं तेवढं ठेवा.

आपला,
फर्निचरचं काम करणारा एक वाचक,
कर्वेनगर, पुणे