काकू, तुमच्या ओट्यापाशी झालेल्या अभ्यासाबद्दल

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले तर "पुरे गं, चहा टाक" म्हणून उडवून लावाल. म्हणून हे जाहीर पत्र. लंडनमधल्या हॅरोतल्या आपल्या मंडळींनीही वाचावं.

कॉलेजच्या गुणगौरव समारंभाला तुम्ही पैठणी नेसून आलात आणि मला 'अर्ली इयर्स एज्युकेटर'चा, म्हणजे नर्सरीतल्या लहान मुलांना सांभाळणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा, लेव्हल ३ डिप्लोमा घेताना पाहिलंत. भारतातल्या वाचकांसाठी सांगते, इथल्या फर्दर एज्युकेशन कॉलेजात शाळा संपवलेली सोळा वर्षांची पोरं आणि चाळिशीतल्या आया एकाच कँटीनमध्ये बसतात. एका वर्गात प्लंबिंग, शेजारी केस कापायचं शिक्षण, त्याच्या पलीकडे आम्ही. आमच्या वर्गाची नावं पुकारली तेव्हा प्लंबिंगच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नर्सरीत काम करणाऱ्यांना शिट्ट्या मिळतात कुठे एरवी! आमचे पगार पाहिले की किंमत कळतेच.

संध्याकाळच्या तासांना मी जायचे तेव्हा लेक तुमच्याकडे असायची. तिचं जेवण, परवचा, झोप सगळं तुम्ही पाहिलंत. पण तेवढंच असतं तर पत्र न लिहिता पुरणपोळ्याच पाठवल्या असत्या.

इंग्लंडमध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जी चौकट आहे, ईवायएफएस, तिचा पाया निरीक्षण आहे. २०२१च्या सुधारणेनंतर नर्सऱ्यांना कागद कमी करा म्हणून सांगितलंय, शिकणाऱ्यांना मात्र सुटका नाही. मी तुमच्या ओट्यापाशी उभी राहून नर्सरीतल्या त्या दोन वर्षांच्या मुलाबद्दल सांगत होते. सगळ्या मोटारी पिशवीत कोंबायच्या, खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यायच्या, ओतायच्या, परत भरायच्या. भेंडी चिरताना मान वर न करता तुम्ही विचारलंत, "पिशवी कुठल्या हातात? जड झाली तेव्हा काय केलं त्यानं? कुणाकडे बघितलं का?" दुसऱ्या दिवशी तेवढंच बघितलं. जड झाली की तो पिशवी ओढत न्यायचा, आणि ओतण्याआधी दर वेळी माझ्याकडे बघायचा. आमच्या पुस्तकांत या नेण्या-आणण्याच्या छंदाला 'स्कीमा' म्हणतात. तुम्ही म्हणालात, "त्याला मोठी पिशवी दे." दिली. असाइनमेंटवर ट्यूटरने 'उत्तम' लिहिलं, त्यातला निम्मा शेरा तुमचा.

दुसरं ऋण ताराबाईंचं. बालशिक्षणातल्या विचारवंतांवर लिहायचं होतं. यादीत फ्रोबेल, माँटेसरी आणि १९१४ साली लंडनच्या डेप्टफर्डमध्ये गरिबांच्या मुलांसाठी उघड्या हवेतली नर्सरी काढणाऱ्या मॅकमिलन भगिनी. तुम्ही बालवाडीची अख्खी नोकरी केलेल्या. म्हणालात, "आणि ताराबाई मोडक?" मग डहाणूकडच्या बोर्डी-कोसबाडचं सांगत बसलात: पाड्यावरची मुलं शाळेत येईनात म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मी मॅकमिलन आणि ताराबाई शेजारी शेजारी ठेवून लिहिलं. ट्यूटरने तो भाग वर्गात वाचून दाखवायला लावला.

आमच्याकडे दोन वर्षांच्या मुलांसाठी पाच जणांमागे एक मोठं माणूस लागतं. सप्टेंबर २०२३ पर्यंत चारांमागे होतं, आणि हे वाढवल्याबद्दल आम्ही कुरकुरतो. हे ऐकून तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी काही असाइनमेंटमध्ये लिहिलं नाही.

वर्गातल्या दोघीजणींना तुम्हाला भेटायचंय. शनिवारी घेऊन येते. साबुदाण्याची खिचडी मी करून आणेन, तुम्ही कुरणशाळेचं मराठीतच सांगा, इंग्रजीत मी सांगेन त्यांना. आणि लेव्हल ५ला नाव घालतेय, म्हणजे संध्याकाळी लेक पुन्हा तुमच्या गळ्यात. नाही म्हणायचं असेल तर शनिवारच्या आत म्हणा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची