ठेकेदार बदलला की युनियनही संपते

माननीय संपादक,

मी 11 वर्षे एका सरकारी रुग्णालयात कंत्राटी सफाई कामगार आहे. वॉर्ड तोच, लादी तीच, सिस्टरही ओळखीच्या. ठेकेदार मात्र चौथा. प्रत्येक ठेकेदाराच्या कागदावर आम्ही 'नवीन भरती' असतो. ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षांची नोकरी दाखवायची म्हटली, तर माझी 11 वर्षे कुठेच सापडत नाहीत.

युनियनचेही तेच. युनियनची मान्यता आणि मालकाच्या अनुचित कामगार प्रथा यांविषयीच्या राज्याच्या 1971 च्या कायद्यात युनियनच्या मान्यतेसाठी 30 टक्के कामगार आणि तेही लागोपाठ 6 महिने सभासद असावे लागतात. आम्ही 86 जणी. त्यातल्या 52 जणींनी फॉर्म भरले, रात्रपाळी सुटल्यावर जिन्याखाली बसून वर्गणी गोळा केली. पाचव्या महिन्यात कंत्राट संपले. नव्या ठेकेदाराने सगळ्यांना घेतले, फक्त फॉर्म भरून घेणाऱ्या तिघींना नाही. "मी कुणाला काढलंच नाही, त्या माझ्याकडे नव्हत्याच," असे त्याचे म्हणणे. रुग्णालयाचे साहेब म्हणाले, "तुमचा मालक ठेकेदार."

दाद मागायची तरी कुणाकडे? सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या प्रकरणात सांगितले की, कंपनी आपला मालक आहे हेच वादात असेल तर कंत्राटी कामगाराला 1971 च्या कायद्याखाली कंपनीविरुद्ध थेट तक्रार करता येत नाही. आधी ते नाते दुसरीकडे सिद्ध करावे लागते. महिन्याच्या पगारात महिना न भागणाऱ्या बाईने हे कधी करायचे? मुंबई महापालिकेच्या 2700 कंत्राटी सफाई कामगारांनी ते केले आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम नोकरीचा हक्क मिळवला. त्यांचे नाव आमच्याकडे आजही आदराने घेतले जाते. पण त्यामागे संघटनेची कितीतरी वर्षे गेली. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत तर एकाहून अधिक युनियन असतील तिथे एकटीने वाटाघाटी करायला 51 टक्के सभासद लागतात.

माझे मागणे साधे आहे. सभासद मोजायचे ते कामाच्या जागेवर मोजा, ठेकेदाराच्या हजेरीपटावर नको. ठेकेदार बदलला तरी जुने कामगार, त्यांची सेवा आणि त्यांची युनियन तशीच राहील, ही अट सरकारने निविदेतच घालावी. आमच्या रुग्णालयाची पुढची निविदा लवकरच निघणार आहे, आणि त्या तिघी अजून घरीच आहेत.

— एक कंत्राटी सफाई कामगार, ठाणे