बंदूक घेणार नाही, आणि परतही येत नाही

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई रडते. म्हणून लिहायला घेतलं. बंड्या छापून आणून देईल, अक्षर मोठं ठेव म्हणून सांगितलंय त्याला.

मुख्य ते आधी सांगते. तुम्ही परत या म्हणता, पण आम्ही घर घेतलं, इथेच, अमेरिकेत, मिशिगनमध्ये. ओवी इथल्याच शाळेत शिकेल. आणि बाबा, तुम्ही जावयांना हळूच सुचवलंत ना, "तिकडे सहज मिळते तर एक घेऊन ठेवा", तेही होणार नाही. घरात बंदूक येणार नाही. दोन्ही ठरलंय. रागवायचं असेल तर दोन्हींचं मिळून एकदाच रागवा.

आम्ही विचार केला नाही असं मात्र समजू नका. परवाच दोघांनी बसून मायकेल मूरचा 'बोलिंग फॉर कोलंबाइन' पुन्हा पाहिला. अमेरिकेतल्या बंदुकांवरचा २००२चा माहितीपट, पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. मूर आमच्या इथलाच, फ्लिंटचा. कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत एप्रिल १९९९मध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलं आणि एक शिक्षक मारले, त्यावरून नाव. पण सुरुवातीला मूर जातो मिशिगनमधल्याच एका बँकेत. तिथे खातं उघडलं की रायफल भेट! आपल्याकडे भिशीवर स्टीलचा डबा मिळावा तशी. तो रायफल हातात घेऊन विचारतो, बँकेत बंदुका वाटणं जरा धोक्याचं नाही का?

मग तो विंडसरला जातो. आठवतं ना, डेट्रॉइटच्या नदीकाठी बाबांनी "ते पलीकडचं खरंच कॅनडा?" म्हणून फोटो काढायला लावला होता, तेच. बंदुका कॅनडातही भरपूर, शिकारीही भरपूर. तरी चित्रपटातल्या आकड्यांप्रमाणे तिथे वर्षाला बंदुकीने १६५ माणसं मारली गेली आणि अमेरिकेत ११,१२७. बाबा, तुम्ही लगेच म्हणणार, लोकसंख्येने भागलं का? भागलं. लोकसंख्या नऊपट, मृत्यू सदुसष्टपट. आता सोडवा गणित.

मूरचं उत्तर असं की इथल्या माणसाला रात्रंदिवस घाबरवून ठेवलंय. बॅरी ग्लासनर नावाचे प्राध्यापक आहेत त्यात. लॉस एंजेलिसच्या बदनाम भागातल्या एका चौकात ते आणि मूर निवांत उभे असतात, कोणी त्यांच्या वाटेला जात नाही. धुरक्यात समोरची हॉलिवूडची पाटीसुद्धा दिसत नाही, आणि ते म्हणतात की खरा धोका आपण श्वासात घेतोय तो. देशात खून वीस टक्क्यांनी कमी झाले त्याच काळात खुनांच्या बातम्या सहाशे टक्क्यांनी वाढल्या, असंही त्यात येतं. घाबरलेला माणूस कुलूप घेतो, मग बंदूक घेतो, मग अंधारात आवाज झाला की झाडतो.

सगळंच पटलं असं नाही. शेवटी मूर चार्लटन हेस्टनच्या घरी जातो. बाबांचा 'बेन-हर'. तेव्हा बंदूकवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता तो. त्याची मतं मला मुळीच मान्य नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच अंगणात असं कोंडीत पकडलेलं बघवेना. हेस्टन चालतो पण अगदी तुमच्यासारखा हो, बाबा.

बंदुकीची भीती मला कधी वाटलीच नव्हती. आजोबांची ठासणीची माजघराच्या तुळईला, बंदुकीच्या दारूचा डबा माळ्यावर आणि माळ्याची किल्ली आईच्या कनवटीला. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला निघायचं. बंदूक गोणपाटात गुंडाळून कॅरियरला, मी पुढे दांड्यावर, आणि तुम्ही चिडलेले, की आता वानरांना काय मतदार यादी दाखवू? येताना मला खाजं घ्यायचात, आणि "आईला सांगू नको" म्हणायचात. आई, तुला माहीत होतं ना?

पण ती बंदूक वानर-डुकरांसाठी होती. इथली माणसासाठी घेतात, आणि बहुतेक वेळा ती घरच्यांवरच उलटते. बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तर स्वतःचाच जीव घेतलेले. आमच्यापासून फार लांब नाही ते ऑक्सफर्ड, मिशिगनमधलंच. नोव्हेंबर २०२१मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने तिथल्या शाळेत चौघांना मारलं. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी आणलेलं. २०२४मध्ये आई-बाप दोघांनाही तुरुंगवास झाला. आता इथे लहान मूल असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवायचा कायदाच झालाय. किल्ली कनवटीला हवी हे आमच्या आईला कायद्याशिवाय कळत होतं.

ओवीच्या शाळेत, कोणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं याची कवायत होते, तेही सांगून टाकते, नाहीतर ती स्वतःच सांगेल. दिवे बंद, दाराला कुलूप, मुलं खिडकीतून दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात गप्प बसतात. मागच्या वेळी शिंक आली म्हणून हिने दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं आणि घरी आल्यावर मोठ्या अभिमानाने मला ते करून दाखवलं. आई, रडू नको. ती लगेच खेळायलाही गेली. मीच त्या रात्री तिच्या खोलीत झोपले.

म्हणजे भीती नुसती टीव्हीची आहे असं नाही, खरीही आहे. पण तिच्यापायी घर आवरून निघायचं, तर ओवीला तिथे तरी काय शिकवू?

बाकी सगळं छान आहे. घर उबदार, शेजारी दोन मराठी कुटुंबं, तूरडाळ, कोकम, उकडे तांदूळ, सगळं मिळतं. कुळथाचं पीठ तेवढं तुझ्या हातचं लागतं. तुमची खोली खालच्याच मजल्यावर ठेवलीय, जिना चढायला नको. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय.

आता माझं ऐका. रात्री नऊनंतर बातम्या बंद. तो लाल चौकटीत ओरडणारा माणूस तुमचं बीपी वाढवतो. गोळी जेवणाआधी की नंतर ते डॉक्टरांना विचारा, शेजारच्या काकांना नाही. चोरांच्या बातम्या बघून पडवीला ग्रील लावलीत, असू दे, पण संध्याकाळचं देवळापर्यंत फिरणं का थांबवलंत? गावात तुम्हाला कोण लुटणार? निम्मा गाव तुमच्याकडून गणित शिकलाय. आई, तू सोबत जा आणि चपला घालून जा.

तिकिटं मे महिन्याची बघतेय. आंबा उतरल्याशिवाय निघणार नाही म्हणाल, तर जूनची काढते. रविवारपर्यंत कळवा, आणि पासपोर्टची मुदत तेवढी बघून ठेवा.

तुमची,
माई