मशीनखाली असा जात नाही

ती. आई-आबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. रोजचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. परवा व्हिडिओ कॉलवर माझे हात बघून आई एकदम गप्प झाली, म्हणून हे पत्र. आई, ते लागलेलं नव्हतं गं, मशीनच्या चेनकेसमधलं, म्हणजे चेन ज्यात फिरते त्या बंद पेटीतलं, काळं ऑइल होतं. साबणाने निघत नाही, एवढंच.

आबा, टायरच्या मशीनला चेन कशाला, असं तुम्ही विचारलंत. या छोट्या लोडरची चाकं वळतच नाहीत. एका बाजूची पुढे, दुसऱ्या बाजूची मागे फिरवायची, की मशीन घसटत जागच्या जागी गरकन फिरतं. दर बाजूला तेलाच्या दाबावर चालणारी एक हायड्रॉलिक मोटर, तिच्यावरून दोन चेन, एक पुढच्या चाकाला, एक मागच्या. झाकलेल्या असतात, त्यामुळे ढिली चेन दिसत नाही, ऐकू येते. पुढे जाणारं मशीन मागे घेताना ‘खट्’ वाजतं. चेन लांबते म्हणतात, पण लोखंड काही ताणलं जात नाही, पिना आणि बुश झिजतात. एक इंच पिचच्या, म्हणजे पिनेपासून पिनेपर्यंत एक इंच असलेल्या, बारा कड्या नव्या असताना ३०५ मिलिमीटर भरतात, ३१४ झाल्या की चेन बाद. परवाची ३१६ भरली. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दातही हुकासारखे वाकडे झाले होते, म्हणून तेही बदलायला लावले. नाहीतर जुने दात नव्या चेनला खाऊन टाकतात.

आणि मशीनखाली मी उगाच जात नाही. चारही चाकं उचलून खाली आधाराच्या घोड्या लावतो, वर उचललेल्या आर्मला लॉक असतो. शिवाय इथली एक तऱ्हा ऐका. काम करणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप. बॅटरीचा स्विच बंद करायचा, त्यावर कुलूप घालायचं, नावाची चिठ्ठी अडकवायची आणि किल्ली आपल्याच खिशात. दोघं असले तर दोन कुलपं. साहेबालासुद्धा ते काढता येत नाही. एकदा मी कुलूप तसंच ठेवून खोलीवर आलो, तर रात्री फोन करून बोलावलं. तीन माणसं मशीनपाशी उभी, कुणी हात लावला नव्हता, कुणी बोललंही नाही. मी कुलूप काढलं आणि सगळे निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पैसे या महिन्यात थोडे कमी आलेत, पुढच्या महिन्यात भरून काढतो. त्यापायी आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. माझ्यासाठी आलेल्या स्थळाचा फोटो पाहिला, मुलगी चांगली आहे, पण तिला थांबवून ठेवू नका. आणि धाकटीचं लग्न ठरलं ते फार छान झालं! रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. अजून दिलेला नाही, तेही सांगून टाकतो. दुसरा फिटर रजेवर गेलाय, तो आला की देतो. धाकटीला एवढ्यात काही सांगू नका. तिने विचारलंच तर येतोय म्हणा.

तुमचा,
बाळू